मामाजींना विचारलं नव्हतं

रोहणा,
१८ ऑगस्ट १९५७

आदरणीय सरोजिनीबाई,

मी सुलोचना थूल. नावावरून तुम्हाला आठवणार नाही. मे महिन्यात वर्ध्याला शिक्षिकांचं शिबिर झालं, तेव्हा तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवत होता आणि मी मागे खांबाला टेकून बसत होते. निघताना मी विचारलं होतं, पोस्टानं इंग्रजी शिकता येतं का? तुम्ही म्हणालात, "चुका पोस्टानं पाठव, दुरुस्त्या पोस्टानं येतील." तुम्ही गमतीनं म्हणाला असाल, पण मी ते धरून बसले आहे.

माझे यजमान प्रेमदास विषमज्वरानं गेले त्याला तीन वर्षं होतील. मी सासरीच राहते. सासरे रामाजी, त्यांना मी मामाजी म्हणते, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. सासूबाई मनकर्णाबाई घर बघतात. मी इथल्या प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते, पण तात्पुरती. तपासणीस साहेब सांगून गेले आहेत की पुढच्या जूनपर्यंत मॅट्रिक झालात तर ट्रेनिंगला तुमचं नाव घालू, नाही तर तुमच्या जागी दुसरं माणूस येईल. लग्नाआधी देवळीला माहेरी असताना मी दोनदा मॅट्रिकला बसले. दोन्ही वेळा इंग्रजीनं पाडलं. मार्चमध्ये राहिलेल्या त्या एकाच विषयाला पुन्हा बसायचं आहे, आणि आता त्यापुढे वेळ नाही.

माझे सगळे मार्क 'जरी-तरी'च्या वाक्यांत जातात. दोन वाक्यं पाठवते.

ऑल्दो द वेल इज डीप, बट द वॉटर इज नॉट स्वीट.

ऑल्दो शी इज स्मॉल, बट शी नोज टेबल्स.

पहिलं आमच्या विहिरीचं आहे आणि दुसरं माझ्या वर्गातल्या एका मुलीचं, तिला पाढे येतात. मला दोन्ही वाक्यं बरोबर वाटतात. म्हणूनच भीती वाटते.

आपली नम्र,
सुलोचना थूल


वर्धा,
२७ ऑगस्ट १९५७

प्रिय सुलोचना,

खांबाजवळची मुलगी मला चांगली आठवते. शिबिरात सगळ्या जणी मी फळ्यावर काय लिहिते ते बघायच्या, तू मी काय पुसते ते बघायचीस.

विहीर खोल असून पाणी गोड नाही हे वाचून वाईट वाटलं. वाक्य मात्र थोडक्यात हुकलं आहे. आपल्या मराठीत 'जरी' आला की 'तरी' पाठोपाठ येतो, दोन बैलांच्या गाडीसारखा. एक बैल सोडला तर आपली गाडी कलते. इंग्रजी वाक्य हा एका घोड्याचा टांगा आहे. 'ऑल्दो' जुंपला की 'बट' तबेल्यात. 'बट' जुंपायचा असेल तर 'ऑल्दो'ला सुट्टी. दोघं एकदम जुंपले की परीक्षक लाल रेघ ओढतो. तुझ्या दोन्ही वाक्यांतला 'बट' काढ, स्वल्पविराम राहू दे, वाक्यं सरळ चालायला लागतील.

ही चूक तुझी एकटीची नाही. वर्ध्याच्या शाळेत वकिलांच्या मुलीही हीच करतात. तुला जरी-तरी नीट येतं म्हणूनच ती होते, याचा आनंद मान.

माझ्या घरी मी आणि माझे वडील. त्यांना सगळे नाना म्हणतात. कोर्टात कारकून होते, आता निवृत्त आहेत आणि घरातल्या प्रत्येक कागदावर त्यांचा डोळा असतो. तुझं पत्र वाचून म्हणाले, "अक्षर वळणदार आहे. कोर्टात असती तर नकलांच्या कामाला लावली असती." नानांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

तुझी,
सरोजिनी किनखेडे


रोहणा,
२२ सप्टेंबर १९५७

आदरणीय बाई,

टांगा कळला. आता 'बट' लिहायला हात गेला की मी तबेला आठवते आणि एकटीच हसते. मनकर्णाबाई म्हणतात, "पोरगी कागदाले पाहून हासून राह्यली, हिले लागीर झालं." त्यांना टांग्याची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "मंग आपली गाडीच बरी व, निदान दोघं जण तर राह्यतात."

आता दुसरी अडचण. 'इन स्पाइट ऑफ' या शब्दांनी मला पुरतं बेजार केलं आहे. मी लिहिलं, 'इन स्पाइट ऑफ ही वॉज इल, ही वेंट टु द फील्ड.' तो आजारी असूनही शेतात गेला. पुस्तकाच्या मागच्या उत्तरांत ते तसं नाही.

आणि एक सांगते, रागावू नका. पुस्तकात एक वाक्य आहे, ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट. मी ओट्यावर मोठ्यानं पाठ करत होते. मामाजींनी अर्थ विचारला. मी सांगितलं, तो गरीब असला तरी प्रामाणिक आहे. मामाजी विडी विझवून म्हणाले, "असला तरी काऊन? गरिबाले लबाडी परवडते काय? दुसऱ्याच दिवशी सापडते थो." मग माझ्याच्यानं ते वाक्य पुढे पाठ होईना.

सुलोचना


वर्धा,
४ ऑक्टोबर १९५७

प्रिय सुलोचना,

तुझ्या मामाजींचं बोलणं मी दहावीच्या वर्गात सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मग ते वाक्य पुस्तकात कुणी लिहिलं, बाई?" गेली वीस वर्षं मी ते वाक्य शिकवते आहे आणि त्यातला माणूस कोण असेल हे माझ्या मनातही आलं नाही. असे सासरे ज्या घरात आहेत तिथे भाषा शिकायला वर्ध्याची बाई कशाला हवी, असं मला क्षणभर वाटलं.

पण परीक्षा इंग्रजीची आहे, म्हणून कामाला लागू. 'इन स्पाइट ऑफ'च्या पुढे अख्खं वाक्य बसत नाही. तिथे एक नाव हवं. 'तो आजारी होता' असं नाही, 'त्याचं आजारपण' असं. इन स्पाइट ऑफ हिज इलनेस, ही वेंट टु द फील्ड. अख्खी हकीकत सांगायची असेल तर 'ऑल्दो', नुसतं गाठोडं ठेवायचं असेल तर 'इन स्पाइट ऑफ'.

आता ते पुस्तक मिटून ठेव. त्यातला गरीब माणूस नको आणि त्यातला राजाही नको. तुझ्या घरातली, शेतातली, शाळेतली वाक्यं लिही. जे रोज बघतेस तेच. अशा वाक्यांत माणूस कमी चुकतो, कारण अर्थ आधीच हातात असतो.

आणखी एक. परीक्षेचं केंद्र वर्ध्यालाच येईल. आठ दिवस आधी ये आणि माझ्याकडे राहा. रोज बसून सगळं पक्कं करून घेऊ. नकार ऐकणार नाही.

तुझी,
सरोजिनी


रोहणा,
१९ डिसेंबर १९५७

आदरणीय बाई,

उत्तराला फार उशीर झाला. कापसाची वेचणी चालू आहे. शाळा सुटली की मीही जाते. हात इतके चिरतात की टाक धरवत नाही. घाईत वाक्यं लिहिते.

ऑल्दो माय फादर-इन-लॉ कॅनॉट रीड, ही नोज द पोस्टमन्स स्टेप.

ऑल्दो द कॉटन इज व्हाइट, अवर हँड्स आर ब्लॅक.

इन स्पाइट ऑफ द कोल्ड, द गर्ल्स कम टु स्कूल.

ऑल्दो माय फादर-इन-लॉ हॅज फॉरबिडन मी, आय शॅल सिट फॉर द एक्झामिनेशन.

तपासून पाठवावीत. मुक्कामाचं पुढे पाहू. बाकी सर्व ठीक.

सुलोचना


वर्धा,
६ जानेवारी १९५८

श्री. रामाजी थूल यांस,

आपली ओळख नसताना हे पत्र लिहिते आहे, त्याबद्दल राग मानू नये. मी सुलोचनाला पोस्टानं इंग्रजी शिकवणारी बाई. आपण तिला परीक्षेला बसायला मनाई केली आहे असं तिच्या लिहिण्यावरून समजलं. तिनं तक्रार केलेली नाही. इंग्रजीच्या वाक्यात सहज लिहून गेली, आणि ते वाक्य मला चैन पडू देत नाही.

मी वीस वर्षं मुलींना शिकवते. तिच्यासारखी मुलगी मला क्वचितच भेटली. इतर मुली उत्तर बरोबर आलं की थांबतात, ती बरोबर का आलं ते विचारते. शिकवणाऱ्याला कधी कधी असा एखादाच विद्यार्थी मिळतो, ज्याच्यासाठी आपण शिकलो असं वाटतं.

तिची या वेळी परीक्षा हुकली तर शाळेतली जागाही जाईल. पास झाली तर पुढे वर्षभर वर्ध्याला ट्रेनिंग होईल आणि मग ती कायमची शिक्षिका होईल. परीक्षेच्या वेळी ती माझ्या घरी राहील. माझे वडील घरात आहेत, काळजीचं कारण नाही. आपण वडीलधारे आहात. कृपा करून तिला अडवू नये, एवढीच विनंती.

आपली,
सरोजिनी किनखेडे


रोहणा,
१४ जानेवारी १९५८

मास्तरीणबाईले रामाजी थूलचा जय भीम.

तुमचं पत्र आलं. माह्या नावानं पत्र आलं म्हणून अंगणात चार माणसं जमले. आमच्या इकडं पत्र येते थे सगळ्याईचंच राह्यते. शेजारचा लहानू बी होता. आमच्या घरी वाचनारं माणूस एकच, थे आमची सून. तिनं उभी राहून वाचलं. मधातच थांबली. मी म्हणलं, काऊन थांबली व? वाच पुढं. मंग तिनं सगळं वाचलं. एक अक्षर गाळलं नाई. गाळनारा माणूस भरभर वाचते, अन् हे हळू हळू वाचत गेली.

बाई, मी तिले मना केलं नाई. मले कोणी इचारलंच नाई, तर मी मना कशाले करू? माह्या घरात माह्या नावानं नाई म्हणून झालं अन् मलेच खबर नाई. वर्सभर वर्ध्याले राहा लागते, हे बी मले तुमच्या कागदातून समजलं, चार माणसाईच्या समोर. लहानू म्हणे, काका, तुमी तर लय कडक निघाले. मी म्हणलं, हो बाप्पा, मले बी आजच समजलं.

मी तिच्यावर रागावलो नाई. थे काऊन भेली, हे समजलं. प्रेमदास गेला, आता हे बी गेली तर म्हातारा काय करीन, असं तिच्या मनात असन. पण मनातलं मले सांगितलं तर मी बी काई बोललो असतो. परीक्षेले बस म्हणलं मी. वर्सभराचं काय थे मले अजून समजत नाई. पयले पास तर हो.

आता तुमाले एक इचारतो. थे तुमच्या घरी राहीन म्हणता. तुमच्या वडिलाईले इचारलं काय? माह्या तोंडात न इचारता नाई घातलं गेलं. त्याईच्या तोंडात न इचारता हो घालू नका.

रामाजी थूल (अंगठा)

बाई, हे सगळं मामाजींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. "सुधारू नको, माहं बोलणं माहंच राहू दे," असं म्हणाले. ते वाक्य घडलेलं नव्हतं. मला भीती होती, ती मी सरावाच्या वाक्यात लिहून टाकली. तुम्ही खरं मानलंत यात तुमचा दोष नाही, घरातलंच लिही म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. अंगणात वाचताना मला चार ओळी सोडून देता आल्या असत्या. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना सगळं माझ्याच आवाजात कळणार होतं. ते कागद उलटून पाहू शकत नाहीत, म्हणून मला गाळता आलं नाही.

सुलोचना


वर्धा,
२२ जानेवारी १९५८

प्रिय सुलोचना,

हे पत्र तुझ्या मामाजींनाही वाचून दाखव. अंगणात हवं तर अंगणात.

तुम्ही विचारलंत, वडिलांना विचारलं का. रामाजी, मी विचारलं नव्हतं. ते नाही म्हणतील असं धरून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून मोकळी झाले होते आणि सुलोचनाला बोलावणं धाडलं होतं. एकाच घरात पंचेचाळीस वर्षं राहून मी हे केलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी नाना वर्तमानपत्र वाचत बसले होते, तिथे जाऊन मी सांगायला सुरुवात केली.

नाना म्हणाले, "विचारतेस की कळवतेस?"

मी म्हटलं, "विचारते."

"मग मला विचार करू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "येऊ दे तिला. माझी खिडकीजवळची जागा दे, तिथे उजेड आहे. पण सरू, खोटं बोलत नाही. एका पंगतीला बसणं मला या वयात जमायचं नाही. ती स्वयंपाकघरात तुझ्याजवळ बसू दे, माझं ताट बाहेर आणत जा."

हे वाक्य न लिहिता नुसतं 'नाना हो म्हणाले' असं लिहावं, असा मोह मला झाला. चांगला तासभर झाला. मग तुझी अंगणातली गोष्ट आठवली, आणि तुम्हा दोघांपुढे ते सगळं तसंच ठेवते आहे. तुम्ही काय ठरवाल ते मला मान्य आहे. माझ्या वडिलांची मला लाज वाटते आणि त्यांच्या खरं बोलण्याचं कौतुकही वाटतं. या दोन गोष्टी एका वाक्यात कशा जोडाव्यात हे इंग्रजीच्या बाईला अजून जमलेलं नाही.

यापुढे सरावाच्या प्रत्येक वाक्यापुढे 'खरं' किंवा 'रचलेलं' असं लिहीत जा. माझं काळीज एवढं घट्ट नाही.

तुझी,
सरोजिनी


रोहणा,
९ फेब्रुवारी १९५८

आदरणीय बाई,

पत्र अंगणातच वाचलं. नानांचं बोलणं मी होतं तसंच वाचलं. लहानू काही तरी बोलणार होता, मामाजींनी हातानं थांबवलं. मग म्हणाले, "म्हातारा खरा हाय. खोटा असता तर या या म्हणला असता अन् मागून भांडे धुतले असते." थोड्या वेळानं म्हणाले, "पण सुलोचना, आपल्यापायी घरधन्याले आपलं ताट उचलून बाहेर जा लागत असन, तर आपुन तिथं मुक्कामाले जाऊ नये. त्याईच्यासाठी नाई म्हणत मी. आपल्यासाठी म्हणतो."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "मंग हे पोरगी राह्यन कुठं, स्टेशनावर?"

वर्ध्याला कापसाच्या बाजाराजवळ मामाजींचे मावसभाऊ हिरालाल राहतात. मी आणि मामाजी त्यांच्याकडे उतरणार आहोत. मामाजी आठ दिवस काम सोडून माझ्याबरोबर येणार, असं त्यांनीच ठरवलं. रोज दुपारी मी तुमच्याकडे शिकायला येईन. नानांनी खिडकीची जागा देतो म्हटलं आहे, ती मी घेईन. ती त्यांनी आपणहून दिली आहे.

वर्षभराच्या ट्रेनिंगचं मामाजी काहीच बोलत नाहीत. मी विषय काढला की बैलांना पाणी दाखवायला उठतात, आणि बैल आमचे नाहीतच. शेजारच्यांचे आहेत.

इन स्पाइट ऑफ माय फादर-इन-लॉज सायलेन्स, आय ॲम कमिंग टु वर्धा. खरं.

ऑल्दो आय ॲम अफ्रेड, आय स्लीप वेल. रचलेलं.

सुलोचना


वर्धा,
३० मार्च १९५८

प्रिय सुलोचना,

तू पेपर देऊन परस्पर हिरालाल यांच्याकडे गेलीस आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरलीस. म्हणून तुला एक गोष्ट माहीत नाही. मलाही ती काल कळली.

तुझ्या पेपरच्या दिवशी नाना औषध आणायला म्हणून छत्री घेऊन बाहेर पडले. औषध घरात होतं. ते गेले तुझ्या केंद्राच्या फाटकाशी. तिथे लिंबाच्या पारावर तुझे मामाजी बसले होते. आठ दिवस तू आमच्या खिडकीशी बसून पाठ करत होतीस आणि रामाजी तुला आमच्या कोपऱ्यापर्यंत सोडून परत फिरत होते, म्हणून दोघांची तोंडओळख होती, बोलणं नव्हतं.

नाना सांगत होते, "मी विचारलं, बसू का? तर म्हणाले, झाड सरकारी हाय, बसा. मी बसलो. म्हटलं, आत गेली का? म्हणाले, गेली. पाऊण तास गेला. ऊन अंगावर यायला लागलं. मी छत्री उघडली. एकट्यावर कशी धरणार? मधे धरली."

मग रामाजींनी विचारलं म्हणे, "पेपर सोपा असन की कठीण?" नाना म्हणाले, "मला काय माहीत, मी बाहेर बसलोय." रामाजी म्हणाले, "कठीण हाय. एक बी पोरगी पाणी प्याले बाहेर आली नाई." नाना हे सांगताना इतके रंगले होते की जणू वरिष्ठ कोर्टाचा निकाल सांगत होते. दुपारी रामाजींनी फडक्यातली भाकर सोडली. नानांनी खाल्ली नाही. ते खाणार नाहीत हे रामाजींना माहीत होतं, त्यांनी आग्रह केला नाही, आणि नाना उठूनही गेले नाहीत. छत्री धरून बसून राहिले. इतकंच झालं. मी याहून जास्त काही त्यात घालत नाही.

पण मला वाटतं, दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याच्या मनात काय आहे ते धरून चालायची सवय उरलेली नव्हती. एकमेकांना विचारत होते. मी शाळेत वीस वर्षं जे शिकवते त्यापेक्षा हे मोठं आहे, आणि त्यातलं मला फार थोडं येतं.

काल नानांनी विचारलं, "त्या थूलांच्या सुनेचा निकाल कधी?" मी तारीख सांगितली. त्यांनी पंचांगावर खूण करून ठेवली.

तुझी,
सरोजिनी


रोहणा,
२१ जून १९५८

आदरणीय बाई,

तुमची तार पोचली. पोस्टमननं ती अंगणातच फोडायला लावली. पास झाले. इंग्रजीत काठावर, पण काठाच्या आत. मनकर्णाबाईंनी लहानूच्या घरी गूळ पाठवला. नानांना माझा नमस्कार सांगा आणि उजेडाची जागा उपयोगी पडली म्हणून सांगा. ट्रेनिंगला माझं नाव लागलं आहे. एक तारखेला हजर व्हायचं आहे.

नाव लागल्याचं कळलं तेव्हा मामाजी शेतात होते. मी घरी थांबले नाही. बांधावर गेले. ते पेरणीचं बियाणं निवडत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "मामाजी, मी वर्षभर वर्ध्याला जाऊ का?"

ते निवडत राहिले. मला वाटलं, आता बैलांना पाणी दाखवायला उठतात. ते उठले नाहीत.

म्हणाले, "इचारून राह्यली काय?"

"हो."

"मले वाटलं, पोस्टानं कळवशीन." मग हसले. बियाणं बाजूला ठेवून म्हणाले, "मले बरं वाटन असं नाई म्हणत मी. घरात रोज वाचनारं, बोलनारं माणूस जाईन. प्रेमदासच्या मायले बी जड जाईन. पण तू इचारलं, म्हणून सांगतो. जाय. सुट्टी लागली का लहान रुळाच्या गाडीत बसून येजो."

मी तिथेच बसले आणि त्यांच्याबरोबर बियाणं निवडलं.

आता इथली पत्रं कोण वाचणार, हा प्रश्न होता. लहानू तिसरी शिकलेला आहे. मामाजींनी त्यालाच नेमलं आहे. मी त्याला रोज संध्याकाळी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा वाचायला देते. अक्षरं ओळखतो, पण वाक्य लांबलं की त्याला धाप लागते आणि मधेच कुठे तरी पूर्णविराम देऊन मोकळा होतो. काल त्यानं एका मंत्र्याला अर्ध्या वाक्यात सोडून दिलं. मामाजी म्हणाले, "सुलोचना, याच्या दमापुरतंच लिहिजो."

म्हणून बाई, तुमच्याकडे जे शिकले ते सगळं पेपरात लिहून आले, आणि आता उलटा सराव करते आहे. पाटीवर लहानूच्या दमापुरती वाक्यं लिहून बघते. त्यांत जरी नाही आणि तरीही नाही. वर्ध्याहून मामाजींना असं लिहीन:

मी पोचले. जागा चांगली आहे. जेवण होते. बाईंकडे गेले होते. नाना बरे आहेत. तुमचा खोकला कसा आहे? सांगा. दिवाळीला येते.

सुलोचना